बी.एस्सी. केमिस्ट्री, २०२४ पासआउट. दीडशे अर्ज, तीन फोन. पुढे काय करावं?

कोरा_सीव्ही

नमस्कार मंडळी. आधी माहिती देते, म्हणजे उत्तरं नेमकी मिळतील.

बी.एस्सी. रसायनशास्त्र, ६१ टक्के. कॉलेज सातारा जिल्ह्यातलं, तालुक्याच्या गावचं. हाताने केलेलं काम म्हणजे टायट्रेशन, पीएच मीटर, कलरीमीटर आणि ऑरगॅनिक मिश्रणं ओळखणं. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) फक्त पुस्तकात पाहिलंय. जॉब पोर्टलवरून दीडशेच्या वर अर्ज झाले: केमिस्ट, डेटा एंट्री, बॅक ऑफिस, एचआर असिस्टंट, दिसेल ते. तीन फोन आले. त्यातला एक कन्सल्टन्सीचा, १५,००० रुपये भरले की ‘ट्रेनिंग आणि शंभर टक्के प्लेसमेंट’.

घरात तीन मतं आहेत. बाबा म्हणतात एम.एस्सी. कर, मामा म्हणतो एमपीएससी, आई म्हणते बाकी काहीही कर पण घरी बसू नकोस.

नुसत्या बी.एस्सी.वर कंपनीत लागतं का? लागत असेल तर अर्ज कुठे आणि कसा करायचा? एचपीएलसीचा कोर्स करावा का? आणि ते १५,००० भरावेत का?

ब्युरेट

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: भरू नका. कंपनीला माणूस हवा असला तर एजन्सीचं कमिशन कंपनी देते. उमेदवाराकडे पैसे मागणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा कंपनीच नसते.

नुसत्या बी.एस्सी.वर लागतं. औषध कंपन्यांच्या क्यूसी (माल तपासणारी लॅब) आणि प्रॉडक्शनमध्ये बी.एस्सी. केमिस्ट्रीची माणसं भरपूर असतात. तुमचा घोळ झालाय तो सगळीकडे अर्ज टाकल्यामुळे. रिक्रूटर पोर्टलवर शोधतो ते असं: ‘क्यूसी केमिस्ट, फ्रेशर, बी.एस्सी. केमिस्ट्री, २०२४’. प्रोफाइलच्या शीर्षकात ‘फ्रेशर, लुकिंग फॉर चॅलेंजिंग जॉब’ असलं की त्या शोधात तुम्ही दिसतच नाही. शीर्षक असं करा: ‘बी.एस्सी. केमिस्ट्री २०२४, क्यूसी फ्रेशर, वेट केमिस्ट्री, शिरवळ / कुरकुंभ / महाड / गोवा येथे येण्यास तयार’. आणि दोन-तीन दिवसांनी प्रोफाइल उघडून एखादा शब्द बदलून सेव्ह करत जा, कारण रिक्रूटर नुकत्याच अपडेट झालेल्या प्रोफाइलींचा फिल्टर लावून बसतो.

पासआउट वर्षाकडे लक्ष ठेवा. फ्रेशरच्या वॉक-इन जाहिरातीत लागोपाठची दोन-तीन वर्षं दिलेली असतात आणि दरवर्षी त्यातलं जुनं वर्ष गळतं. २०२४ अजून चालतंय तोवर हात-पाय हलवा. पुढे ‘मधल्या काळात काय केलं’ हा प्रश्न पहिलाच येईल.

जागा. तुमच्यापासून जवळ शिरवळ, मग जेजुरी आणि कुरकुंभ. बल्क ड्रग (औषधातलं मूळ रसायन) आणि केमिकलची कामं महाड, रोहा-धाटाव, लोटे-परशुराम, पाताळगंगा आणि तारापूरला (तारापूर एमआयडीसीसाठी उतरायचं बोईसरला, हे लक्षात ठेवा). गोळ्या-कॅप्सूल-इंजेक्शन, म्हणजे फॉर्म्युलेशन, गोव्यात वेर्ण्याला आणि छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा-वाळूज-शेंद्रा पट्ट्यात. पुण्या-मुंबईतच हवं म्हणून अडून बसलात तर स्पर्धा दहापट आणि खोलीभाडं पगाराच्या निम्मं.

सीव्ही एक पान. ‘ऑब्जेक्टिव्ह’चा परिच्छेद काढून टाका, तो कुणी वाचत नाही. वडिलांचं नाव, धर्म, छंद, सहीखालचं ‘वरील माहिती सत्य आहे’, सगळं काढा. वर भूमिका, मग शिक्षण (दहावी, बारावी, बी.एस्सी., टक्के आणि वर्ष), मग ‘हाताने केलेली कामं’. इथे नेमकं लिहा: आम्ल-अल्कली, रेडॉक्स आणि ईडीटीए टायट्रेशन, पीएच मीटर दोन बफरवर कॅलिब्रेट केला, कलरीमीटरवर कॅलिब्रेशन कर्व्ह काढला. खाली एक ओळ: ‘एचपीएलसी: तत्त्व माहीत, उपकरण हाताळलेलं नाही.’ ही ओळ लिहायला लाजू नका. फ्रेशरने सीव्हीत ‘एचपीएलसी, जीसी, यूव्ही, एफटीआयआर’ अशी माळ लावली की मुलाखतीत पहिला प्रश्न कॉलमच्या (एचपीएलसीतल्या नळीच्या) मापांवर येतो आणि माळ तिथेच तुटते.

आता मुलाखत. क्यूसीच्या फ्रेशरला विचारतात ते बहुतेक एफ.वाय.-एस.वाय.चंच, पण ‘का’ लावून.

‘०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड एक लिटर कसं बनवाल?’ चार ग्रॅम घेऊन लिटर करू, हे अर्धंच उत्तर. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे वजन करून अचूक नॉर्मॅलिटी (द्रावणाची तीव्रता) मिळत नाही. म्हणून ते पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटवर स्टँडर्डाइज करायचं, इंडिकेटर फिनॉल्फ्थॅलीन. १ मिलिलिटर ०.१ नॉर्मल म्हणजे २०.४२ मिलिग्रॅम थॅलेट. मग लगेच कागद पुढे येतो: ४०८.४ मिलिग्रॅम घेतलं, ब्युरेट १९.६ मिलिलिटर, तर नॉर्मॅलिटी किती? ०.१०२०. चौथा दशांश विसरू नका, तिथेच ते बघत असतात.

‘०.१ मोलर सल्फ्युरिक आम्ल किती नॉर्मल?’ ०.२. ‘आम्लयुक्त माध्यमात पोटॅशियम परमँगनेटचं इक्विव्हॅलंट वजन?’ १५८ भागिले ५, म्हणजे ३१.६. पाच का, हेही सांगता आलं पाहिजे.

‘लॉस ऑन ड्राइंग आणि कार्ल फिशरमध्ये फरक काय?’ ओव्हनमध्ये वजन घटतं त्यात पाणी असतं आणि उडून गेलेला सॉल्व्हंटही असतो. कार्ल फिशर फक्त पाणी मोजतो. एका ओळीत एवढं सांगणारा फ्रेशर लक्षात राहतो.

डिसोल्यूशन (गोळी किती वेगाने विरघळते ती चाचणी): अपॅरेटस १ बास्केट, २ पॅडल, तापमान ३७ अधिक-उणे ०.५ अंश, माध्यम बऱ्याचदा ९०० मिलिलिटर. माध्यमातली विरघळलेली हवा का काढायची? बुडबुडे गोळीला किंवा बास्केटच्या जाळीला चिकटतात आणि विरघळण्याचा वेग बदलतो.

आणि डेटा इंटिग्रिटी. ‘अल्कोआ’ची पाच अक्षरं पाठ करून जाऊ नका, अर्थ कळून घ्या: नोंद कुणी केली ते कळावं, वाचता यावी, काम करतानाच केलेली असावी, मूळ असावी, अचूक असावी. कॉलेजात रीडिंग आधी रफ कागदावर, कधी तळहातावर, आणि मग जर्नलमध्ये फेअर. कंपनीत हाच गुन्हा. चूक झाली तर एकच आडवी रेघ, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख, कारण. व्हाइटनर नाही, गिरवणं नाही. (जर्नलमधली १०.२, १०.२, १०.२ अशी तिन्ही जुळी रीडिंग सगळ्यांनीच पाहिली आहेत. प्लँटमध्ये इतकी सुबक रीडिंग दिसली की ऑडिटर खुर्ची पुढे ओढतो.)

शिफ्ट_सी

ब्युरेटरावांनी क्यूसीचं सांगितलं, पण क्यूसीच्या एका जागेसाठी रांग लागते. प्रॉडक्शनकडे मुली वळत नाहीत आणि मुलगे नाक मुरडतात, म्हणून तिथे दार लवकर उघडतं. बल्क ड्रगचा प्लँट म्हणजे उष्णता, सॉल्व्हंटचा वास, गमबूट आणि तीन पाळ्या, हे खरं. रात्रपाळीसाठी मुलींची लेखी संमती आणि ने-आणीची सोय लागते. मुलाखतीतच स्पष्ट विचारा, संकोच नको.

तिथले प्रश्न वेगळे. ‘रिअॅक्शनमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल आहे, कोणता रिअॅक्टर घ्याल?’ ग्लास लाइन्ड. स्टेनलेस स्टील ३१६ सुद्धा क्लोराइड आणि आम्लासमोर टिकत नाही. उलट हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा गरम, कडक अल्कली असेल तर काचेचं अस्तरच खाल्लं जातं.

‘टोल्यूइन असलेल्या रिअॅक्टरमध्ये पावडर टाकताना काय काळजी?’ आधी नायट्रोजन, अर्थिंग क्लिप लावलेली, मॅनहोलमधून धबाधबा ओतायचं नाही. पावडर घसरताना स्थिर विद्युत तयार होते आणि टोल्यूइनचा फ्लॅश पॉइंट सुमारे ४ अंश, म्हणजे आपल्या हवेत त्याची वाफ पेटायला कायम तयारच.

आणि मला सर्वांत आवडणारा: ‘उष्णता सोडणारी रिअॅक्शन आहे, थेंब-थेंब अॅडिशन चालू आहे आणि स्टरर बंद पडला. आधी काय?’ बहुतेक जण म्हणतात स्टरर चालू करू. चूक. आधी अॅडिशन बंद, कूलिंग चालू ठेवायचं, शिफ्ट इनचार्जला हाक. न ढवळता साठलेला माल स्टरर फिरताच एकदम रिअॅक्ट होतो आणि तापमान हाताबाहेर जातं.

प्रॉडक्शनचा एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. औषध कायद्याच्या नियमांप्रमाणे फॉर्म्युलेशनच्या उत्पादनावर देखरेखीला ‘कॉम्पिटंट’ तांत्रिक माणूस लागतो. फार्मसी पदवीधराला त्यासाठी १८ महिन्यांचा अनुभव लागतो, रसायनशास्त्र मुख्य विषय असलेल्या बी.एस्सी.ला ३ वर्षांचा. एफडीएची ही मान्यता एकदा नावावर झाली की पुढच्या नोकरीत पगाराची बोलणी तिथून सुरू होतात. क्यूसीतही टेस्टिंगसाठी ‘एफडीए अप्रूव्ह्ड केमिस्ट’ असतात. म्हणून पहिल्या दिवसापासून अनुभवाची पत्रं फाइलला लावत जा.

कोरा_सीव्ही

दोघांचेही आभार. कॉपी करून ठेवलंय.

तीन फोन म्हटलं होतं, त्यातले उरलेले दोन असे. एक कंपनी १९,०३४ महिना सीटीसी (माझ्यावरचा कंपनीचा एकूण खर्च) म्हणते, क्यूसी ट्रेनी. हातात किती येतील ते सांगत नाहीत. दुसरीकडे वर्षभराची अप्रेंटिसशिप आहे. अप्रेंटिस म्हणजे नोकरी धरायची की नाही?

पगारपत्रक

सीटीसी फोडून दाखवतो. आकडे कंपनीगणिक बदलतील, हिशेबाची रीत तीच.

समजा ग्रॉस (कपातीआधीचा पगार) १६,०००, त्यात बेसिक १०,०००. कंपनी तुमच्या नावावर जे धरते ते असं: पीएफ बेसिकच्या १२ टक्के म्हणजे १,२००, ईएसआय ग्रॉसच्या ३.२५ टक्के म्हणजे ५२०, बोनस ८.३३ टक्क्यांनी ८३३, ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी ४८१. बेरीज करा: १६,००० + १,२०० + ५२० + ८३३ + ४८१ = १९,०३४. तुमचा आकडा जुळवूनच घेतलाय.

आता हातातले. १६,००० मधून तुमचा पीएफ १,२०० आणि ईएसआय ०.७५ टक्क्यांनी १२० जातात. महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. उरले १४,६८०. (याच पगारावर मुलग्याचे २०० आणखी कापतात, फेब्रुवारीत ३००.) यातून कँटीन आणि बसचे पैसे जातात का, ते विचारा. बोनस वर्षातून एकदा मिळतो आणि ग्रॅच्युइटी सहसा पाच वर्षं भरल्यावर, तेव्हा महिन्याच्या खर्चात हे दोन्ही धरू नका.

एचआरला विचारायचं वाक्य असं: ‘ग्रॉस किती, बेसिक किती, आणि मी कंपनीच्या रोलवर की कॉन्ट्रॅक्टरच्या?’ तिसऱ्या प्रश्नावर एचआर अडखळला तर कॉन्ट्रॅक्टर समजा. कॉन्ट्रॅक्टरवर लागणं पाप नाही, पण अनुभवाचं पत्र कॉन्ट्रॅक्टरच्या लेटरहेडवर येतं आणि पुढच्या कंपनीत ‘क्यूसीत होते’ हे सिद्ध करताना धावाधाव होते. तसं लागलात तर निदान ट्रेनिंग रेकॉर्ड आणि गेटपासची प्रत जपून ठेवा.

अप्रेंटिसशिप. नोकरी धरू नका, अनुभव धरा. पदवीधरांसाठीची केंद्राची योजना म्हणजे एनएटीएस; पश्चिम विभागाचं कार्यालय मुंबईत सायनला आहे. २०१९ च्या नियमांत पदवीधराला किमान ९,००० रुपये ठरले, त्यातले निम्मे सरकार देतं. पुढे रक्कम वाढवण्याचा प्रस्ताव आला, त्यामुळे चालू आकडा पोर्टलवर बघा. सरकारचा वाटा थेट बँक खात्यात येतो, तेव्हा खातं आधारशी सीड केलेलं हवं. नुसतं ‘लिंक’ आहे असं बँकेत सांगितलं तर समाधान मानू नका, ‘डीबीटीसाठी सीडिंग’ हे शब्द वापरून विचारा. बरेच जण इथेच दोन-दोन महिने अडकतात.

अप्रेंटिसला पीएफ-ईएसआय लागू नाही आणि वर्ष संपल्यावर कायम करायचं बंधन कंपनीवर नाही. तपासायचं एकच: करार पोर्टलवर नोंदलाय का. नोंदलेला असला तर शेवटी मिळणारं प्रमाणपत्र खरं. नोंदला नसला तर ते अप्रेंटिसशिपच्या नावाखाली स्वस्तातलं मनुष्यबळ आहे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना वेगळी, ती महास्वयंच्या पोर्टलवरून. पदवीधराला महिना १०,००० असं तिचं गणित २०२४ मध्ये सुरू झालं. पण तिथे बऱ्याचदा सरकारी कार्यालयातलं काम वाट्याला येतं, आणि क्यूसीच्या मुलाखतीत फायलिंगच्या अनुभवाला वजन नाही.

तुमच्या जागी दोन्हींत निवडायचं तर: ट्रेनीची जागा कंपनीच्या रोलवर असेल तर ती. कॉन्ट्रॅक्टरवर असेल आणि अप्रेंटिसशिप एचपीएलसी असलेल्या क्यूसीत असेल तर अप्रेंटिसशिप.

खरी-खोटी ऑफर ओळखायला: ईमेल कंपनीच्या डोमेनवरून आहे की साध्या जीमेलवरून, कंपनी कार्य मंत्रालयाच्या साइटवर नाव सापडतं का, ईपीएफओच्या साइटवर आस्थापना शोधली तर निघते का. ‘सिक्युरिटी डिपॉझिट’, ‘लॅपटॉप डिलिव्हरी’, ‘मेडिकल फी आगाऊ’ यांपैकी काहीही ऐकलं की फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर १९३० वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लगेच कळवा, उशीर झाला की रक्कम गोठवणं अवघड होतं. मूळ गुणपत्रिका कुणाकडेही ठेवायची नाही, दाखवायची आणि परत घ्यायची.

अजून एक, आणि हे आजच करा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचं नाव कधी पूर्ण तर कधी नुसतं आद्याक्षर. रुजू होताना पीएफचा यूएएन (कायमचा खाते क्रमांक) काढायला आधारवरचं नाव लागतं आणि कंपनी गुणपत्रिकेशी ताडून बघते. क्रम उलटा असला तर सहसा निभावतं. स्पेलिंग वेगळं असलं तर निभावत नाही. आधी आधार दुरुस्त करा, मग पॅन.

मळी_ते_इथेनॉल

सातारा म्हणता आणि साखर कारखान्याचं नाव कुणी काढलं नाही, कमाल आहे.

कारखान्याच्या लॅबला बी.एस्सी. केमिस्ट्री चालते. काम समजायला सोपं: रसाचा ब्रिक्स (विरघळलेले एकूण घन पदार्थ), पोल (त्यातली साखर) आणि प्युरिटी. मिश्र रसाचा ब्रिक्स १५, पोल १२.३, तर प्युरिटी ८२. पोल भागिले ब्रिक्स गुणिले शंभर. पोल काढायला रस आधी ड्राय लेडने स्वच्छ करून गाळतात. लेड जास्त पडलं तर रीडिंग फसतं, नवख्या माणसाची चूक हमखास इथेच. हंगामात पाळ्या अनेक कारखान्यांत पहाटे ४ ते १२, १२ ते ८, ८ ते ४.

अडचण ठाऊक असू द्या: जागा हंगामी असते. गळीत संपलं की घरी, किंवा रिटेन्शनवर, म्हणजे बिनहंगामात कमी पगारावर. कायम व्हायला वर्षं लागतात आणि संचालकांच्या ओळखी मध्ये येतात, ते नाकारण्यात अर्थ नाही. त्यामानाने डिस्टिलरीत परिस्थिती बरी, इथेनॉलमुळे लॅबला वर्षभर काम असतं. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये साखर आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. प्रवेशाची पात्रता त्यांच्या माहितीपत्रकात बघा, विषयांची जोडी आणि टक्के दोन्ही. त्याशिवाय मॅन्युफॅक्चरिंग केमिस्टच्या खुर्चीपर्यंत पोचणं लांबचं.

अर्ज पोर्टलवर टाकू नका, तिथे कारखाने माणसं शोधत नाहीत. सप्टेंबरमध्ये सीव्ही घेऊन थेट चीफ केमिस्टला भेटा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मोळी पडली की कुणाला डोकं वर काढायला वेळ नसतो.

रांगेतला_नंबर

बाबा आणि मामा यांच्या मतांवर थोडं.

एम.एस्सी. करायची तर आधी ‘कशात’ ते ठरवा. ऑरगॅनिक केली तर आर अँड डी, सिंथेसिस. अॅनालिटिकल केली तर क्यूसी आणि पद्धत विकसित करणारी लॅब. क्यूसीतच जायचं असेल तर दोन वर्षं आधी कंपनीत घालवणं आणि दोन वर्षं एम.एस्सी.त घालवणं यांत पगाराचा फरक फारसा पडत नाही. आर अँड डी मात्र बी.एस्सी.वर जवळपास बंद आहे. चांगल्या संस्थेत जायचं तर आयआयटी जॅम: ६० प्रश्न, १०० गुण, ३ तास, परीक्षा फेब्रुवारीत. तयारी नसेल तर जवळच्या कॉलेजात नुसतं नाव घालण्यासाठी एम.एस्सी. करू नका, तो बेकारी दोन वर्षं पुढे ढकलण्याचा महाग मार्ग आहे.

एक मात्र पक्कं: अन्न सुरक्षा अधिकारी व्हायचं असेल तर बी.एस्सी. केमिस्ट्री चालत नाही, एम.एस्सी. केमिस्ट्री चालते. औषध निरीक्षक फार्मसीवाल्यांसाठी, तिकडे बघूच नका. तुमचे ६१ टक्के आहेत म्हणून बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्र) प्रशिक्षणार्थी जाहिराती जरूर वाचा, तिथे ६० टक्क्यांची अट असते आणि तुम्ही काठावर आत आहात. वयोमर्यादा कडक असते, तेव्हा जाहिरात निघाली की ‘पुढच्या वेळी’ म्हणू नका.

एमपीएससी. राज्यसेवा मुख्य आता वर्णनात्मक आहे, एकूण १,७५० गुणांची, वर मुलाखतीचे २७५. नोकरी सांभाळून जमणं कठीण. गट ब-क ची संयुक्त पूर्व १०० प्रश्नांची, एका तासाची. मामांना दुखवायचं नसेल तर हे करा: मागची तीन वर्षं घ्या, प्रत्येक संयुक्त पूर्वची प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा करा आणि त्या वर्षीच्या कट-ऑफशी ताडून बघा. चार महिने अभ्यास करून परत तेच करा. अंतर अर्ध्यावर आलं नसेल तर पुण्यात खोली घेऊन अभ्यासिकेची फी भरण्यात हशील नाही. अंतर कमी झालं तर पुढचं एकच वर्ष, आणि तारीख आजच कॅलेंडरवर.

ब्युरेट

एचपीएलसी कोर्सचं राहून गेलं होतं.

नोकरी किंवा अप्रेंटिसशिप समोर असेल तर कोर्स करू नका, कंपनी शिकवते. काहीच हाताशी नसेल तर दोन ते चार आठवड्यांचा चालेल, पण पैसे भरण्याआधी लॅबमध्ये जाऊन तीन गोष्टी विचारा. चालू उपकरणं किती आणि एका उपकरणावर किती विद्यार्थी? मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारं द्रावण) मी स्वतः बनवणार आणि स्वतः इंजेक्ट करणार, की पंधरा जण मागे उभे राहून बघणार? आणि सिस्टीम सुटॅबिलिटी काढून देणार का, म्हणजे एकाच स्टँडर्डची पाच-सहा इंजेक्शनं आणि त्यांचा आरएसडी (आकड्यांतली तफावत)? तो सहसा २.० टक्क्यांच्या आत लागतो. कोर्सवाला हा शब्द ऐकून गोंधळला तर परत या.

आणि कोर्स केला नाही तरी हे एवढं समजून घ्या, मुलाखतीत हमखास येतं. कॉलम सी-१८, २५० बाय ४.६ मिलिमीटर, ५ मायक्रॉन. मोबाइल फेज ०.४५ मायक्रॉनमधून गाळायचा आणि सोनिकेटरमध्ये हवा काढायची. ‘प्रेशर अचानक वाढलं, काय झालं असेल?’ फ्रिट (कॉलमच्या तोंडाची गाळणी) चोंदली, किंवा फॉस्फेट बफरचं काम संपल्यावर कुणीतरी घाईने थेट शुद्ध मेथॅनॉल सोडलं आणि मीठ आतच साका होऊन बसलं. आधी पाणी आणि ऑरगॅनिक ९०:१० ने अर्धा तास धुवायचं, मग मेथॅनॉल. प्रेशर कुठे आहे ते शोधायला कॉलमची आउटलेटकडची बाजू सोडवून बघायची. तरीही प्रेशर उतरलं नाही तर अडथळा कॉलममध्ये किंवा त्याच्या आधी. मग कॉलम पूर्ण काढून पंप चालवायचा, म्हणजे दोघांतलं कोण ते कळतं.

कोरा_सीव्ही

कन्सल्टन्सीचा फोन परत आला होता, ‘आज भरलेत तर १२,०००’. नाही म्हणून सांगितलं. ट्रेनीवाल्या कंपनीच्या एचआरला पगारपत्रकांनी दिलेलं वाक्य जसंच्या तसं विचारलं. रोल कॉन्ट्रॅक्टरचा निघाला. अप्रेंटिसशिपवाल्यांना करार पोर्टलवर नोंदवणार का आणि क्यूसीत एचपीएलसी किती, ते विचारलं. ‘नोंदवतो, चार आहेत’ म्हणाले. सोमवारी कागदपत्रं घेऊन बोलावलंय.

आधारवर माझ्या आडनावात एक ‘ए’ जास्त आहे, गुणपत्रिकेत नाही. सोमवारच्या आत होईल का?

पगारपत्रक

सोमवारच्या आत नाही होणार, पण अर्ज करून पोचपावती घ्या. आधार केंद्रावर जाताना पॅन किंवा पासपोर्ट न्या, गुणपत्रिकाही जवळ असू द्या. यादीतला कोणता पुरावा धरतात ते केंद्रावर आधी विचारा. सोमवारी पावतीची झेरॉक्स फाइलला लावा आणि एचआरला स्वतःहून सांगा. त्यांनी नंतर शोधून काढण्यापेक्षा ते बरं.